मुठीवर ठोकलेला पत्ता : जुन्या जर्मन पिस्तुलांवरचे ठसे कसे वाचायचे

आमच्या माळ्यावर एक पितळी घंगाळ आहे. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी आजोबांच्या नावाची तीन आद्याक्षरं घातलेली आहेत आणि बुडाला कारखान्याचा गोल शिक्का आहे. पूर्वी लग्नकार्याला भांडी शेजारीपाजारी जायची आणि परत येताना प्रत्येक घर काठावरचं नाव बघून आपापलं भांडं उचलायचं. बुडाचा शिक्का कुणी बघायचं नाही, कारण गल्लीतली निम्मी भांडी त्याच कारखान्याची असायची. भांडं कुणी बनवलं हे बुड सांगायचं आणि कुणाचं हे काठ सांगायचा.

जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलांवरच्या खुणा वाचताना हा काठ-बुडाचा फरक डोक्यात ठेवला की अर्धं काम झालं. अशा एका पिस्तुलावर पंधरा-वीस बारीक शिक्के सहज सापडतात. मुकुट, गरुड, अक्षरं, आकडे, त्यातले काही इतके पुसट की भिंगाशिवाय दिसत नाहीत. बहुतेक सगळे बुडाचे, म्हणजे कारखान्याचे आणि तपासनिसांचे. काठावरचं नाव एकच असतं, फार तर दोन. त्यालाच तुकडीचा ठसा म्हणायचं.

उदाहरण म्हणून लुगर घेऊ. लांबुळकी तिरकी मूठ, वर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा, बारीक नळी. जुन्या युद्धपटांतला जर्मन अधिकारी हमखास हेच रोखून उभा असतो. गेओर्ग लुगरने रचलेलं हे पिस्तूल आधी १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने घेतलं, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलाने. म्हणून भूदलाच्या नमुन्याचं नाव पी-०८. पहिल्या महायुद्धात ते दोन ठिकाणी बनत होतं, बर्लिनच्या डीडब्ल्यूएम या खासगी कारखान्यात आणि एरफुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेत.

आता बुडाच्या खुणा भराभर बाजूला काढू. नळीच्या मुळाशी वरच्या बाजूला १९१५ किंवा १९१७ असा आकडा असतो, ते बनवल्याचं साल. नळीवरचा गरुड म्हणजे जास्त दाबाची चाचणी पार पडल्याची खूण. मुकुटाखाली एकेक गॉथिक अक्षर असतं, ती सरकारी तपासनिसांची सही समजा. नाझी काळात मुकुट गेला आणि गरुडाखाली आकडा आला. पी-३८ जातीच्या पिस्तुलावर गरुडाखाली ३५९ दिसलं तर ती वाल्थर कारखान्यातल्या तपासनिसाची खूण आहे, ३५९ वी रेजिमेंट नव्हे. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता राग येत नाही, हसू येतं.

अनुक्रमांकाचंही तसंच. डीडब्ल्यूएमच्या लष्करी पिस्तुलांचे आकडे दहा हजारांपर्यंत जायचे, मग पुन्हा एकपासून, पण पुढे 'ए' लावून, मग 'बी' लावून. नवं साल उजाडलं की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे एकच आकडा आणि एकच अक्षर असलेली दोन पिस्तुलं दोन वेगवेगळ्या सालांची असू शकतात. त्याच आकड्याचे शेवटचे दोन अंक बारीक सुट्या भागांवरही ठोकलेले असतात. हा पिस्तुलाचा आकडा. मालकाशी त्याचा संबंध नाही.

माउझरच्या सी-९६ पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर मोठा लाल ९ कोरलेला दिसतो, तोही ९ व्या रेजिमेंटचा नाही. हे पिस्तूल मूळचं ७.६३ मिलिमीटरचं. महायुद्धात लष्कराने दीड लाख नग ९ मिलिमीटरमध्ये मागवले. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून सैनिकाने चुकीची गोळी भरू नये यासाठी तो लाल आकडा घातला.

मग काठ कुठे? पी-०८ मध्ये मुठीच्या पुढच्या पट्टीवर, म्हणजे पिस्तूल धरल्यावर आपली बोटं जिथे वळून येतात तिथे. बोटांच्या घामाने आणि घर्षणाने तो ठसा झिजतो, म्हणून खऱ्या ठशाच्या कडा सहसा गुळगुळीत झालेल्या असतात. तो कारखान्यात ठोकलेला नसतोच. पिस्तूल पलटणीत आलं की तिथला शस्त्रकारागीर एकेक अक्षराचा पोलादी छाप धरून हातोडीने ठोकायचा. म्हणून अक्षरं एका रेषेत नसतात, एखादं खोल, एखादं उथळ, मधलं टिंब कधी सरकलेलं.

एक ठसा सोडवून बघू. समजा पट्टीवर असं आहे:

७९. आर. ४. २३.

मूळ अक्षर अर्थातच रोमन लिपीतलं असतं, मी ते देवनागरीत लिहितो आहे. जर्मन सम्राटाच्या काळातल्या प्रशियन (प्रशिया हे साम्राज्यातलं सगळ्यात मोठं राज्य) नियमानुसार वाचायचं तर 'आर' म्हणजे पायदळाची रेजिमेंट. तिचा आकडा आधी, म्हणून ७९ वी पायदळ रेजिमेंट. पुढचा ४ म्हणजे चौथी कंपनी आणि २३ हा त्या कंपनीतल्या हत्याराचा नंबर. कंपनीच्या वहीत २३ व्या ओळीत हे पिस्तूल कुणाला दिलं ते लिहिलेलं असणार. आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखंच, फक्त उलटं: आधी गाव, मग गल्ली, मग घर नंबर.

एवढ्याशा ओळीतून पुढे बरंच उलगडतं. ७९ वी रेजिमेंट हानोव्हर प्रांतातली, हिल्डेसहाइम गावी तिचं ठाणं. तिच्या सैनिकांच्या बाहीवर 'जिब्राल्टर' असं विणलेली पट्टी असायची. जर्मन पायदळाच्या बाहीवर जिब्राल्टर कशाला? कारण हानोव्हरचा सत्ताधीशच इंग्लंडचाही राजा असताना, १७७९ ते १७८३ या वर्षांत तिथल्या वेढ्यात हानोव्हरचे शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढले होते, आणि हा मान नंतरच्या रेजिमेंटांनी वारशाने घेतला. पुढे याच जिब्राल्टरवाल्यांना खंदकांत इंग्रजांसमोर उभं राहावं लागलं.

'आर'च्या जागी दुसरं अक्षर आलं की दळ बदलतं. 'यू' म्हणजे उलान, भालेवाले घोडेस्वार. 'डी' ड्रागोनर, 'एच' हुसार, 'के' क्युरासिअर, हेही घोडेस्वारांचेच प्रकार. 'जे' येगर म्हणजे हलक्या पायदळाच्या बटालियनचं, 'पी' पायोनियर म्हणजे सॅपर, 'टी' वाहतूक तुकडीचं. ५. यू. ३. ४१. म्हणजे ड्युसेलडॉर्फच्या ५ व्या उलान रेजिमेंटची तिसरी स्क्वाड्रन, हत्यार ४१. घोडदळात मधला आकडा स्क्वाड्रनचा आणि तोफखान्यात बॅटरीचा, एवढं ध्यानात ठेवायचं. मशीनगन कंपनी असेल तर कंपनीच्या आकड्याजागी 'एम.जी.' येतं.

आणि बव्हेरिया! जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये एक झालं तरी बव्हेरियाच्या राजाने आपलं सैन्य वेगळं राखलं आणि रेजिमेंटांचे आकडेही स्वतःचेच, एकपासून मोजलेले ठेवले. म्हणजे ८ वी पायदळ रेजिमेंट दोन झाल्या, एक प्रशियाची आणि एक बव्हेरियाची. गोंधळ नको म्हणून बव्हेरियन ठशाच्या सुरुवातीला 'बी' लागतो: बी. ८. आर. वगैरे. सॅक्सनी आणि व्युर्टेमबर्ग यांची सैन्यंही नावाला वेगळी, पण त्यांच्या पायदळाचे आकडे सामायिक मोजणीतच बसवलेले, सॅक्सनीचे १०० पासून आणि व्युर्टेमबर्गचे ११९ पासून पुढे. त्यांना वेगळ्या अक्षराची गरजच पडली नाही.

पिस्तूल प्रत्येकाला मिळत नसे. साधा पायदळी शिपाई रायफलवाला. पिस्तूल असायचं सार्जंट दर्जाच्या लोकांकडे, मशीनगनवाल्यांकडे, घोडेस्वारांकडे, तोफा ओढणाऱ्यांकडे. म्हणून शांततेच्या काळातल्या साध्या पायदळ कंपनीच्या ठशात शेवटचा आकडा दोनशेच्या घरातला दिसला की मी जरा थबकतो. आणि अधिकारी? ते आपलं पिस्तूल पदरच्या पैशाने घ्यायचे. घरच्या भांड्यावर कुणी पंचायतीचं नाव घालत नाही, तसं त्यांच्या पिस्तुलावर सहसा तुकडीचा ठसा नसतो. 'अमुक जनरलचं पिस्तूल' म्हणून कुणी कंपनीचा ठसा दाखवला तर तिथेच गोष्ट फसते.

खासगी विक्रीच्या पिस्तुलांवर तर ठसा असण्याचं कारणच नाही. आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण कलकत्त्याचं आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. ती दुकानी मालातली, लष्कराच्या पलटणीत कधी न गेलेली. पण प्रत्येकाचा अनुक्रमांक कंपनीच्या दफ्तरी नोंदलेला होता. पुढे बंगालात माउझर हाती लागलं की ते त्या पन्नासातलं आहे का, हे त्या आकड्यावरून ताडता येई. काठ कोराच होता, माग लागला तो बुडावरून.

आता या विषयातली खरी मेख. अक्षरं तीच राहतात, पण अर्थ सालाप्रमाणे बदलतो.

'आर.आर.' घ्या. सम्राटाच्या काळात, म्हणजे १९१८ पर्यंत, याचा अर्थ राखीव पायदळ रेजिमेंट. पहिला आर राखीवचा, दुसरा रेजिमेंटचा. मग युद्ध संपलं, सम्राट गेला, व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य १ लाखावर आणलं. या नव्या सैन्याचं नाव राइशवेहर. त्यांनी ठशांचे नियमही नव्याने केले. आता कंपनी आधी आणि रेजिमेंट नंतर, मध्ये तिरपी रेघ. ३./जे.आर. ९. ४५. म्हणजे तिसरी कंपनी, ९ वी पायदळ रेजिमेंट, हत्यार ४५. इथे 'जे' म्हणजे खरं तर 'आय', इन्फंटरीचा. तिकडे मोठा आय पुष्कळदा जेसारखा लिहीत. येगरचाही जे आणि इन्फंटरीचाही जे, त्यामुळे पुन्हा सालच बघायचं. ही ९ वी रेजिमेंट पॉट्सडामची. तिच्यात सरदार घराण्यांतली पोरं इतकी होती की लोक तिला 'काउंट नऊ' म्हणून चिडवत.

आणि २./आर.आर. १७. ३४. असं असेल तर? आता आर.आर. म्हणजे राइटर रेजिमेंट, घोडेस्वार. दुसरी स्क्वाड्रन, १७ वी राइटर रेजिमेंट, बव्हेरियातल्या बाम्बेर्गची. १९४४ मध्ये हिटलरच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवणारा क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग १९२६ मध्ये याच रेजिमेंटमध्ये दाखल झाला होता. साहजिकच असा ठसा दिसला की विकणाऱ्याच्या तोंडून श्टाउफेनबेर्गचं नाव निघतंच. ३४ नंबरचं ते पिस्तूल कुणा नालबंदाकडेही असू शकेल, हे तो सांगत नाही.

म्हणजे एकाच आर.आर.चा अर्थ चिखलातल्या खंदकात बसलेला राखीव शिपाई असाही होतो आणि परेडच्या मैदानावरचा घोडेस्वारही. कोणता घ्यायचा ते अक्षरांच्या क्रमावरून ठरतं आणि नळीच्या मुळावरच्या सालावरून. साल १९१६ आणि ठसा राइशवेहर पद्धतीचा, असं जुळलं तरी बिघडत नाही. जुनी पिस्तुलं नव्या सैन्याने वापरलीच. उलटं मात्र जुळत नाही: मोडलेल्या सैन्याचा ठसा नंतर बनलेल्या पिस्तुलावर येईल कसा?

काही पिस्तुलांवर १९१७ च्या जवळ १९२० असा दुसरा आकडा दिसतो. ते दोनदा बनलेलं नाही. युद्धानंतर घराघरांत लष्करी हत्यारं पडली होती आणि ऑगस्ट १९२० मध्ये ती जमा करण्याचा कायदा झाला. सैन्याकडे आणि पोलिसांकडे राहिलेली हत्यारं सरकारी मालकीची आहेत हे चटकन कळावं म्हणून त्यांच्यावर १९२० ठोकलं. सरकारजमा मालावरचा शिक्का म्हणा ना.

छोट्या सैन्याचा आपल्याला एक फायदा होतो, हिशेब सोपा होतो. राइशवेहरमध्ये पायदळ रेजिमेंट फक्त २१, घोडदळाच्या १८, तोफखान्याच्या ७. त्यामुळे त्या पद्धतीच्या ठशात जे.आर. ३५ दिसली तर ती रेजिमेंट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. सम्राटाच्या शांतताकाळासाठीही असेच आकडे पाठ करून ठेवावेत: उलान २१ पर्यंत, हुसार २० पर्यंत, ड्रागोनर २६ पर्यंत, क्युरासिअर अवघे ८. नकली ठसे ठोकणाऱ्यांना हा अभ्यास जड जातो.

पोलिसांचे ठसे हा वेगळा प्रांत आहे आणि तिथला एक सापळा सांगायलाच हवा. प्रशियाच्या शहरी पोलिसांना शुट्सपोलिट्साय म्हणत, म्हणून ठशाच्या सुरुवातीला 'एस'. ग्रामीण पोलिसांचा 'एल'. पुढचं अक्षर जिल्ह्याचं. तर 'एस.डी.' म्हणजे ड्युसेलडॉर्फचे शहरी पोलीस, पुढे रोमन आकडा आणि बाकी नंबर. पण एस.एस. या नाझींच्या निमलष्करी दलाच्या गुप्तहेर खात्याचं आद्याक्षरही एस.डी.च! वाहतूक सांभाळणाऱ्या हवालदाराचं पिस्तूल मग 'एस.एस.च्या गुप्तहेराचं' म्हणून कित्येक पटींनी विकलं जातं. पोलिसांच्या लुगरवर आणखी एक खूण असते. १९३० च्या दशकात त्यांना बाजूच्या पट्टीवर एक जादा सुरक्षा पट्टी बसवली. पुढे कुणी ती काढली असली तरी तिचं भोक राहतं. ठसा झिजला तरी ते भोक सांगतं की हे चौकीवरचं.

नौदलात मूठ उलटी फिरवा. तिथे ठसा मागच्या पट्टीवर. नौदलाची लुगर लांब नळीवरूनही ओळखू येते, पी-०८ ची नळी १०० मिलिमीटर आणि हिची १५०. 'डब्ल्यू.के.' म्हणजे कीलची शाही गोदी, 'डब्ल्यू.डब्ल्यू.' विल्हेल्म्सहाफेनची, 'डब्ल्यू.डी.' डान्झिगची. जहाजांची हत्यारं गोदीच्या नावावर असत आणि जहाज निघताना चढवली जात, म्हणून जहाजाचं नाव शोधत बसू नये. 'टी.डी.' म्हणजे टॉर्पेडो डिव्हिजन. तिच्याआधी रोमन एक असेल तर बाल्टिक बाजूचं कील, दोन असेल तर उत्तर समुद्राकडचं विल्हेल्म्सहाफेन. १९१८ च्या अखेरीस ज्या खलाशांच्या बंडाने सम्राटाचं आसन हललं, ते याच दोन बंदरांत पेटलं.

मग हे ठसे थांबले का? कारण ठसा जसा आपल्याला बोलतो तसा शत्रूलाही बोलतो. मेलेल्या किंवा पकडलेल्या सैनिकाच्या पिस्तुलावरून समोर कोणती रेजिमेंट उभी आहे हे कळतं. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धातच ठसे विरळ होत गेले. १९३४ नंतर तर भूदलाने ते जवळपास सोडूनच दिले, कारण तेव्हा व्हर्सायची मर्यादा ओलांडून चोरून सैन्य वाढवणं चालू होतं. त्या काळातल्या माउझरच्या लुगरवर कारखान्याचं नावसुद्धा नाही, फक्त 'एस/४२' असा सांकेतिक आकडा. सालाच्या जागी अक्षर: 'के' म्हणजे १९३४, 'जी' म्हणजे १९३५. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची सैन्यभरती उघडपणे जाहीर केली आणि १९३६ पासून पिस्तुलावर साल पुन्हा आकड्यात आलं. तुकड्यांची नावं मात्र परत आली नाहीत. म्हणून १९४१ च्या पिस्तुलावर ठसठशीत तुकडीचा ठसा, त्यातही एस.एस.ची वीज-अक्षरं दिसली तर मी खिसा घट्ट धरतो. ती जवळजवळ नेहमी खोटीच निघतात.

खोटा ठसा ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. जुना ठसा आणि त्याच्या आजूबाजूचं पोलाद एकत्र म्हातारं झालेलं असतं. अक्षराच्या तळाशीही तोच करडेपणा, तीच मळी. नव्या ठशाचा तळ चमकतो, किंवा चमक लपवायला लावलेलं रसायन कडेवर उतरतं. झिजलेल्या पट्टीवर तीक्ष्ण कडांचं अक्षर असेल तर अक्षर नंतरचं. उलट एखाद्या ठशावर आडवी रेघ मारून खाली दुसरा ठसा असेल तर घाबरू नका. पिस्तूल एका तुकडीतून दुसरीकडे गेलं की जुनं नाव असंच खोडत. मला तर असेच नग आवडतात. वरचा खोडलेला ठसा १९१३ च्या छावणीतला, खालचा १९२५ चा, आणि मधली बारा वर्षं त्या एका आडव्या रेघेत.

आपल्याकडे अशी पिस्तुलं हातात येण्याचा प्रसंग क्वचितच. परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, आणि ९ मिलिमीटर बोर सामान्य परवान्यावर मिळतही नाही. संग्रहालयातली काचेची पेटी आणि लिलावांची छायाचित्रं, एवढ्यावरच भागवायचं. परदेशातल्या कुणा नातेवाइकाकडे कायदेशीर संग्रह असेल तर त्याच्याकडून फोटो मागवताना तीन गोष्टी सांगाव्यात. मुठीच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीचे वेगवेगळे फोटो हवेत. नळीच्या मुळावरचं साल त्याच खेपेला हवं. आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवी धरायची, म्हणजे उथळ आकड्यांच्या कडेला सावली पडते आणि इतका वेळ ३ वाटणारा आकडा ८ निघतो. फोटोआधी ब्रासो लावून चकचकीत करायचा मोह त्याने आवरावा. आमचं घंगाळ दर दिवाळीला चिंच लावून घासलं जायचं, त्यामुळे आता त्यावरचं मधलं अक्षर 'वि' की 'चि' यावर घरात दोन पक्ष आहेत.